अभिजात ब्रिटिश रहस्यकथा : संशय, पुरावा आणि निर्दोषत्व

सारांश : अभिजात ब्रिटिश रहस्यकथेच्या दीर्घकालीन लोकप्रियतेची मीमांसा सामान्यतः तीन प्रकारे केली जाते : ती एक बौद्धिक कोडे आहे, ती बिघडलेली समाजव्यवस्था पूर्ववत करून दाखविते आणि ती एका सरलेल्या काळाचे सुखद दर्शन घडविते. प्रस्तुत लेखात या तिन्ही स्पष्टीकरणांची मर्यादा दाखवून असे प्रतिपादन केले आहे की, या वाङ्मयप्रकाराचे मर्म गुन्हेगार सापडण्यापेक्षा निर्दोष व्यक्ती संशयमुक्त होण्यात आहे. त्यासाठी १८६० मधील रोड हिल हाउस प्रकरणापासून १९५८ मधील अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबरीपर्यंतची निवडक उदाहरणे विचारात घेतली आहेत.

बीजसंज्ञा : रहस्यकथा, शेरलॉक होम्स, सुवर्णयुग, न्याय्य खेळ, निर्दोषत्व, एडलजी प्रकरण.

१. प्रास्ताविक

महाविद्यालयीन ग्रंथालयातील ज्या कपाटातील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची शिवण उसवलेली असते, त्यांत रहस्यकथांचे कपाट हमखास असते. अभ्यासक्रमात मात्र या वाङ्मयप्रकाराला क्वचितच स्थान मिळते आणि मिळाले तरी 'लोकप्रिय वाङ्मय' या मथळ्याखाली त्याची बोळवण होते. ज्या कथेचे सारे बळ अखेरच्या प्रकरणातील उलगड्यावर उभे आहे, ती कथा उलगडा झाल्यावर निरुपयोगी ठरली पाहिजे, असा तर्क या उपेक्षेच्या मुळाशी असावा.

वस्तुस्थिती या तर्काला अनुकूल नाही. शेरलॉक होम्सच्या कथा शेवट ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा वाचल्या जातात. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये १९५२ साली सुरू झाले आणि कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये थांबेपर्यंत सलग चालू राहिले. मे २०२१ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आले. खुनी कोण हे जाणणारे प्रेक्षकही ते पाहावयास गेले असणार, हे उघड आहे. तेव्हा या कथांचे आकर्षण केवळ कोड्याचे नाही.

दुसरे स्पष्टीकरण असे की, खुनामुळे विस्कटलेली घडी रहस्यकथा पुन्हा बसवून देते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या विचाराला धार्मिक खोली दिली. त्यांच्या मते निष्पाप भासणाऱ्या समाजात अपराध शिरतो, सर्वांवर संशयाचे सावट येते आणि अपराधी हुडकला गेल्यावर वाचकालाही स्वतःच्या अपराधभावनेपासून क्षणभर सुटका मिळते. तिसरे स्पष्टीकरण स्मरणरंजनाचे : खेडेगावातील चर्च, चहाचे टेबल, जुनी वाडेवजा घरे, आगगाडीचे वेळापत्रक. ही दोन्ही स्पष्टीकरणे अंशतः ग्राह्य आहेत; परंतु घडी बसविण्याचे काम साहसकथाही करते आणि जुन्या इंग्लंडचे दर्शन इतर कितीतरी कादंबऱ्यांतून घडते. रहस्यकथा याखेरीज काय देते, हा खरा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर खुनी व्यक्तीकडे पाहून मिळत नाही. जी माणसे खुनी नाहीत, पण तशी वाटू शकतात, त्यांच्याकडे पाहून मिळते. विवेचनाला प्रारंभ करण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. 'अभिजात रहस्यकथा' ही संज्ञा येथे मर्यादित व्यक्तिसमूहात घडलेल्या आणि वाचकासमोर ठेवलेल्या पुराव्यावरून उकलणाऱ्या गुन्ह्याच्या कथेसाठी वापरली आहे. ज्यांनी मूळ पुस्तके वाचलेली नाहीत त्यांचा विचार करून, विवेचनास आवश्यक तेथे वगळता, गुन्हेगारांची नावे येथे दिलेली नाहीत.

२. उगम : एका घरावरील पाच वर्षांचा संशय

या प्रकाराचा आराखडा अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये सिद्ध केला, हे सर्वमान्य आहे. ब्रिटनमध्ये त्याला जी मुळे फुटली ती मात्र तेथील वास्तवात आहेत. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ साली स्थापन झाले आणि गुन्ह्यांच्या तपासासाठी त्याची स्वतंत्र शाखा १८४२ साली निघाली. साध्या वेषातील हा नवा अधिकारी सभ्य गृहस्थाच्या घरात शिरून त्याच्या मुलीची कपड्यांची यादी मागू शकतो, ही गोष्ट तत्कालीन समाजाला नवी आणि अप्रिय होती.

१८६० च्या जूनअखेर विल्टशर परगण्यातील रोड या गावी सॅम्युएल केंट यांच्या घरातून त्यांचा सुमारे पावणेचार वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह अंगणातील शौचकूपात सापडला. घर आतून बंद होते. अर्थात खुनी घरातीलच असणार होता. लंडनहून आलेले इन्स्पेक्टर जोनाथन विचर यांनी एका हरवलेल्या रात्रीच्या झग्यावरून मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिला अटक केली. पुरावा अपुरा ठरून ती सुटली आणि सभ्य घरातील मुलीवर असा आरोप केल्याबद्दल लोकमत विचर यांच्यावरच उलटले. पुढील पाच वर्षे संशय त्या घरात वावरत राहिला. मुलाची दाई पकडली गेली, सुटली. लोकांनी पित्याकडे बोट दाखविले. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः कबुली दिली, तोवर विचर सेवेतून निवृत्त झाले होते.

या प्रकरणाचा सर्वांत दारुण भाग खून हा होताच. पण त्याखालोखाल ती पाच वर्षे होती. खरा अपराधी निश्चित होत नाही तोवर घरातील प्रत्येक निर्दोष व्यक्ती अर्धवट शिक्षा भोगत असते. हेच सूत्र विल्की कॉलिन्स यांनी १८६८ मध्ये 'द मूनस्टोन' या कादंबरीत उचलले. रंगाचा डाग लागलेला आणि मग दिसेनासा झालेला रात्रीचा झगा, घरातील तरुणीवर संशय घेणारा सार्जंट कफ, हे तपशील रोड हिल हाउसचे स्मरण करून देतात. या कादंबरीला भारताचा संदर्भ आहे. जो हिरा चोरीस जातो तो मूळचा सोमनाथच्या चंद्रमूर्तीचा आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावाच्या वेळी एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटलेला, अशी कथा आहे. घरातून हिरा जाताच प्रथम अटक होते ती गावात फिरणाऱ्या तीन हिंदू ब्राह्मणांना. पण घरातील त्या चोरीपुरते तरी ते निर्दोष ठरतात. पूर्वी चोरी केलेली आणि आता सुधारलेली मोलकरीण रोझॅना ही संशयाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे आणि तिचा शेवट करुण होतो. परका आणि नोकर यांच्यावर संशय प्रथम जातो व तो चुकीचा असतो, ही जाणीव ब्रिटिश रहस्यकथेच्या आरंभीच अशी नोंदली गेली.

३. होम्स : गुन्हेगार सुटतो, निर्दोष सुटलाच पाहिजे

आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये 'अ स्टडी इन स्कार्लेट' या लघुकादंबरीतून अवतरला आणि जुलै १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकातील कथांमुळे घराघरात पोहोचला. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा एवढा त्याचा पसारा आहे. एडिंबरो येथील वैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. जोसेफ बेल हे रुग्णाच्या हातांवरून, चालीवरून त्याचा व्यवसाय व पूर्ववृत्त ओळखत. त्यांच्यावरून होम्सची निरीक्षणपद्धती सुचली, हे डॉयल यांनीच नमूद केले आहे. रोगनिदान आणि गुन्हेशोध यांतील हे साम्य पुष्कळदा सांगितले जाते. त्याहून कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट अशी की, होम्स अनेक कथांत गुन्हेगाराला सोडून देतो.

१८९१ मधील 'बॉस्कम व्हॅली' प्रकरणात पित्याच्या खुनाच्या आरोपावरून एक तरुण तुरुंगात आहे. होम्स खऱ्या खुन्यापर्यंत पोहोचतो. पण तो मरणासन्न असल्याने त्याची कबुली लिहून घेऊन जवळ ठेवतो आणि त्या तरुणाला शिक्षा होण्याची वेळ आली तरच ती उघड करण्याचे ठरवितो. प्रत्यक्षात होम्सने बचावपक्षाला सुचविलेल्या आक्षेपांच्या बळावर तरुण सुटतो आणि कबुली गुप्तच राहते. १८९२ मधील निळ्या रत्नाच्या कथेत एका प्लंबरवर चोरीचा आळ आला आहे. होम्स खऱ्या चोराला दार उघडून जाऊ देतो, कारण त्याच्या साक्षीअभावी प्लंबरविरुद्धचा खटला कोसळणार हे त्याला ठाऊक असते. त्याच वर्षीच्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्येही पोलिसांनी एका माणसाला पकडून ठेवले आहे. रात्री कुत्रा भुंकला नाही, या न घडलेल्या घटनेवरून होम्स जो निष्कर्ष काढतो, त्याने त्या माणसाची सुटका होते.

या तीन कथा एकत्र वाचल्या म्हणजे होम्सच्या न्यायबुद्धीचा क्रम स्पष्ट होतो. अपराध्याला शासन होणे इष्ट आहे; पण निरपराध्याची सुटका अपरिहार्य आहे. पहिल्याबाबत तडजोड चालते, दुसऱ्याबाबत नाही.

४. कथेबाहेरील कसोटी : जॉर्ज एडलजी

डॉयल यांना ही निष्ठा प्रत्यक्ष जीवनातही पारखावी लागली. मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ शापूरजी एडलजी ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १८७६ पासून स्टॅफर्डशरमधील ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी धर्मोपदेशक होते. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅम येथे सॉलिसिटर झाला. या कुटुंबाला निनावी पत्रांचा उपद्रव अनेक वर्षे होत होता. १९०३ मध्ये त्या भागात रात्री जनावरांना जखमी करण्याचे प्रकार घडले आणि एका तट्टाला जखमी केल्याच्या आरोपावरून जॉर्जला सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, त्याला सोडण्यात आले. पण दोषमुक्त केले गेले नाही. परिणामी व्यवसायाचा मार्ग बंदच राहिला.

डॉयल यांनी त्याला एका हॉटेलात भेटावयास बोलाविले. जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ आणि किंचित तिरके धरून वाचीत होता. नेत्रवैद्यकाचा अभ्यास केलेल्या डॉयल यांच्या तत्काळ ध्यानात आले की, इतकी क्षीण दृष्टी असलेला मनुष्य अंधाऱ्या, पावसाळी रात्री शेते आणि लोहमार्ग ओलांडून असे कृत्य करू शकणे जवळपास अशक्य आहे. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी 'डेली टेलिग्राफ'मध्ये या प्रकरणाची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्याच वर्षी शासकीय समितीने जनावराला जखमी केल्याचा आरोप चुकीचा ठरविला. पण काही पत्रे जॉर्जनेच लिहिली असे मत नोंदवून नुकसानभरपाई नाकारली. त्याला वकिली करण्याची परवानगी मात्र पुन्हा मिळाली. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा १९०७ मध्येच संमत झाला. त्यामागे अशा प्रकरणांतून निर्माण झालेले लोकमत होते.

येथे कथा आणि वास्तव यांतील अंतर ठळक होते. कथेत निर्दोष पूर्णपणे निर्दोष ठरतो. वास्तवात व्यवस्थेने आपली चूक अर्धीच कबूल केली. मात्र दोन्हीकडे पद्धत एकच होती. मनुष्याचा वर्ण, त्याचे परकेपण, त्याचा अबोल स्वभाव यांवरून बनलेला समज बाजूला ठेवून त्याने वर्तमानपत्र कसे धरले आहे, एवढेच पाहणे. रहस्यकथा वाचकाला ज्या सवयीचे शिक्षण देते, ती हीच सवय होय.

५. न्याय्य खेळ आणि त्याची यंत्रणा

पहिल्या महायुद्धानंतरची दोन दशके ब्रिटिश रहस्यकथेचे सुवर्णयुग मानली जातात. अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' १९२० मध्ये, तर डोरोथी सेयर्स यांची 'हूज बॉडी?' १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती यांनी युद्धकाळात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते आणि त्यांच्या कथांतील विषप्रयोगांची अचूकता तेथील अनुभवातून आली आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरू असलेल्या लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम सांगितले : गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात झाला पाहिजे, दैवी शक्तीचा आधार घेता कामा नये, अज्ञात विषे वापरू नयेत, शोधकाला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, इत्यादी. १९३० मध्ये लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला, जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष होते. योगायोग, दैवी साक्षात्कार वा नुसते अंतर्ज्ञान यांवर विसंबणार नाही, अशी विनोदी थाटाची शपथ सभासदांना घ्यावी लागे.

या नियमांकडे बहुधा खेळाचे नियम म्हणून पाहिले जाते आणि नॉक्स यांचा सूरही थट्टेचाच आहे. तथापि ते साक्षीपुराव्याच्या कायद्याशी किती मिळतेजुळते आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आरोपीविरुद्धचा पुरावा त्याला दाखविला पाहिजे, ऐकीव वा गूढ ज्ञानावर निर्णय होता कामा नये, हे तत्त्व दोहोंच्या मुळाशी आहे. १९२६ मध्ये ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'वरून वाद झाला, तो याच मुद्द्यावर. लेखिकेने वाचकाला फसविले की वाचक स्वतःच फसला? पुस्तक पुन्हा चाळता दिसते की, आवश्यक ते सर्व सांगितलेले आहे. आपण ते वाचले आणि त्याचा अर्थ लावला नाही.

अर्थ न लावण्याची ही क्रिया लेखक कशी घडवून आणतो? महत्त्वाची वस्तू पाचसहा क्षुल्लक वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवली जाते. निर्णायक वाक्य एखाद्या वाचाळ, हास्यास्पद पात्राच्या तोंडी घातले जाते. खूण दाखविल्याबरोबर दुसरी लक्षवेधक घटना घडते. या तिन्ही युक्त्यांत वाचकाचे पूर्वग्रह वापरले जातात : मोलकरणीचे बोलणे महत्त्वाचे नसते, वृद्ध स्त्री विसराळू असते, डॉक्टर विश्वासार्ह असतो. चेस्टरटन यांच्या एका फादर ब्राउन कथेत इमारतीवर पहारा ठेवणारे चौघेजण शपथेवर सांगतात की, आत कोणीही गेले नाही. आत माणूस गेलेला असतो. पण तो रोज येणारा, आणि म्हणूनच माणसांत न मोजला जाणारा असतो. शोधक मात्र बहुधा स्वतःच उपेक्षितांपैकी असतो : ठेंगणा पाद्री ब्राउन, बेल्जियमहून निर्वासित म्हणून आलेला प्वारो, विणकाम करणारी अविवाहित वृद्धा मिस मार्पल. ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, ते लक्ष देत असतात.

फ्रेंच समीक्षेत काम करणारे त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये दाखविले की, अशा कादंबरीत दोन कथा असतात : घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि चालू असलेल्या शोधाची. यात एक भर घालता येईल. दुसरी कथा वाचताना वाचक स्वतःही एकामागून एक माणसांवर संशय घेत जातो. शेवटी त्यांपैकी बहुतेक निर्दोष ठरतात, म्हणजेच वाचकाचे बहुतेक निर्णय चुकीचे ठरतात. पुनर्वाचनाचा आनंद येथेच आहे. दुसऱ्या वाचनात आपण खुन्याला शोधीत नाही. आपण कोठे आणि का चुकलो, ते शोधतो.

६. फाशीच्या छायेतील निर्दोष

ब्रिटनमध्ये शेवटच्या फाशी ऑगस्ट १९६४ मध्ये झाल्या. खुनासाठी देहदंड १९६५ मध्ये स्थगित आणि १९६९ मध्ये कायमचा रद्द करण्यात आला. म्हणजे सुवर्णयुगातील प्रत्येक खुनाच्या कथेमागे वधस्तंभ उभा आहे. आजचा वाचक हे विसरतो. तत्कालीन वाचक विसरू शकत नव्हता. उलगड्याला उशीर होणे याचा अर्थ चुकीचा माणूस मरणे, हा होता.

सेयर्स यांच्या १९३० मधील 'स्ट्राँग पॉइझन'चा आरंभच न्यायालयात होतो. हॅरिएट वेन या लेखिकेवर पूर्वीच्या प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा आरोप आहे आणि पुरावा तिच्या विरुद्ध आहे. ती वाचते, कारण ज्यूरीतील मिस क्लिंप्सन ही प्रौढ कुमारिका आपल्या सदसद्विवेकाला स्मरून दोषी म्हणण्यास नकार देते आणि एकमत होत नाही. लॉर्ड पीटर विम्झी याला फेरसुनावणीपर्यंत महिनाभराचा अवधी मिळतो. ख्रिस्ती यांच्या 'सॅड सायप्रेस' (१९४०) मध्येही एक तरुणी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. 'मिसेस मॅगिंटीज डेड' (१९५२) मध्ये फाशीची शिक्षा झालेला भाडेकरू दिसण्या-बोलण्यात इतका नीरस आहे की, त्याच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटत नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करणारे पोलीस अधिकारीच अस्वस्थ होऊन प्वारोकडे येतात. निर्दोष मनुष्य आवडण्याजोगा असलाच पाहिजे असे नाही, ही या कादंबरीतील जाणीव मोलाची आहे. 'फाइव्ह लिटल पिग्ज'मध्ये तर दोषी ठरलेली स्त्री तुरुंगातच मरण पावून वर्षे लोटली आहेत. तिच्या मुलीला केवळ सत्य हवे आहे.

अपराध्याच्या मरणाविषयीही हे लेखक सर्वस्वी निश्चिंत नव्हते. सेयर्स यांच्या 'बझमन्स हनीमून' (१९३७) या कादंबरीचा शेवट गुन्हा उघडकीस आल्यावर होत नाही. फाशीच्या पहाटे, आपल्या बुद्धीमुळे एक जीव जाणार या विचाराने शोधक कोसळतो, तेथे होतो. 'घडी पूर्ववत बसते' या स्पष्टीकरणात हे प्रकरण सामावत नाही.

७. संशयाने पोखरलेला समूह

ख्रिस्ती यांच्या 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' (१९३२) या संग्रहात चार संशयितांची एक कथा आहे. एक वृद्ध जिन्यावरून पडून मरतो. घरातील चौघांपैकी एकाने त्याला मारले असावे. स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त तेथे म्हणतात त्याचा आशय असा की, एक अपराधी निसटण्यापेक्षा उरलेल्या तिघांचे आयुष्य संशयात नासणे त्यांना अधिक सलते. पंचवीसेक वर्षांनी, १९५८ मध्ये, याच विचारावर ख्रिस्ती यांनी 'ऑर्डील बाय इनोसन्स' ही संपूर्ण कादंबरी उभारली. आईच्या खुनाबद्दल शिक्षा झालेला मुलगा तुरुंगात मरण पावला आहे. दोन वर्षांनी एक साक्षीदार येऊन त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा देतो. त्याची अपेक्षा असते की कुटुंबाला समाधान वाटेल. प्रत्यक्षात सारे भयभीत होतात, कारण आता खुनी उरलेल्यांपैकीच कोणीतरी आहे. एका निर्दोषाला न्याय देताना इतर निर्दोषांवर संकट येते आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच असतो : संपूर्ण सत्य.

अध्यापकवर्गाला विशेष जवळची वाटावी अशी कादंबरी म्हणजे सेयर्स यांची 'गॉडी नाइट' (१९३५). ती ऑक्सफर्डमधील एका काल्पनिक महिला महाविद्यालयात घडते आणि तिच्यात खून नाही. निनावी पत्रे आणि नासधूस यांमुळे विदुषींचा तो समूह परस्परांकडे संशयाने पाहू लागतो. वर्षानुवर्षांचे स्नेह काही महिन्यांत विरतात. प्रकरणाच्या मुळाशी एक जुनी घटना आहे. एका संशोधकाने आपल्या प्रबंधाला बाधक ठरणारा दस्तऐवज दडवून ठेवला होता आणि ते उघड झाल्याने त्याची कारकीर्द संपली होती. प्रतिकूल पुरावा दडविणारा संशोधक आणि निरपराध्याला अडकविणारा तपास यांतील नाते सेयर्स सूचित करतात. सोयीचा निष्कर्ष आधी ठरवून मग पुरावा निवडणे, हा दोहोंतील समान अपराध होय. जोसेफाइन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) मध्ये रुग्णालयात पडून असलेला पोलीस अधिकारी तिसऱ्या रिचर्ड राजावरील पुतण्यांच्या खुनाचा आरोप पुन्हा तपासतो. त्याच्या निष्कर्षाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु पाठ्यपुस्तकातील विधान आधी कोणी केले आणि ते त्याला कसे कळले, हा त्याचा प्रश्न इतिहासाच्या कोणत्याही अध्यापकाला आपला वाटेल.

८. आक्षेप आणि मर्यादा

या वाङ्मयप्रकारावरील आक्षेप जुने आणि गंभीर आहेत. रेमंड चँडलर यांनी १९४४ मध्ये त्यातील खुनांच्या कृत्रिमतेवर कठोर टीका केली. एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले याची कोणाला पर्वा आहे, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. पात्रे ठोकळेबाज असतात, मृत व्यक्तीविषयी कोणी खरा शोक करीत नाही, हे त्यांचे म्हणणे अनेक कादंबऱ्यांच्या बाबतीत खरे आहे. वर्गीय अहंकार आणि वांशिक तुच्छताही या साहित्यात आढळते. ख्रिस्ती यांच्या १९३९ मधील एका अत्यंत गाजलेल्या कादंबरीचे मूळ शीर्षकच अवमानकारक असल्याने पुढे बदलावे लागले. डॉयल यांच्या 'द साइन ऑफ फोर'मधील अंदमानी पात्राचे चित्रण आज वाचताना खेद होतो.

या उणिवा नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या या प्रकाराच्या तत्त्वातून उद्भवत नाहीत; लेखक त्या तत्त्वाला जेथे जागला नाही, तेथे उद्भवतात. चेहऱ्यावरून, वर्णावरून, हुद्द्यावरून निर्णय करू नये, हा नियम रहस्यकथा कथानकात कसोशीने पाळते. वर्णनात मात्र तिचा लेखक कधीकधी तो मोडतो. वाचकाने कथेच्या नियमाने लेखकालाही तपासावे, हेच योग्य.

मराठी वाचकाला रहस्यकथेची ओळख मुख्यतः बाबूराव अर्णाळकर यांच्यामुळे झाली. धनंजय, झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांनी काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. याउलट एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर'पासून मुंबईच्या गुन्हे अन्वेषण विभागातील इन्स्पेक्टर गणेश घोटे याच्या कथा लिहिल्या. त्या वेळी त्यांनी मुंबई पाहिलेलीही नव्हती. वरिष्ठांच्या दडपणाखाली भांबावणारा, पण हाती घेतलेला तपास न सोडणारा घोटे हा ब्रिटिश परंपरेतील उपेक्षित शोधकांच्याच कुळातला आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) अभिजात ब्रिटिश रहस्यकथेत एक व्यक्ती दोषी ठरते, तर अनेक व्यक्ती निर्दोष ठरतात. तिचे भावनिक समाधान या दुसऱ्या क्रियेत आहे.

(२) 'न्याय्य खेळा'चे नियम हे केवळ मनोरंजनाचे संकेत नाहीत. पुरावा सर्वांसमोर असावा आणि निर्णय त्यावरच व्हावा, या नागरी मूल्याचे ते वाङ्मयीन रूप आहे.

(३) रहस्यकथा वाचकाच्या पूर्वग्रहांचा उपयोग करून त्याला चकविते आणि शेवटी ते पूर्वग्रह त्याच्यासमोर ठेवते. पुनर्वाचनाचे आकर्षण यातून निर्माण होते.

(४) जॉर्ज एडलजी प्रकरण दाखविते त्याप्रमाणे वास्तवातील दोषमुक्ती अनेकदा अपुरी राहते. कथेतील पूर्ण दोषमुक्तीची ओढ या अपुरेपणातून समजून घेता येते.

आरोप होताच निर्णय देऊन मोकळे होण्याची घाई प्रत्येक काळात असते. आज ती अधिक वेगाने पसरते, एवढाच फरक. आरोप आणि निर्णय यांच्यामध्ये तपास नावाची संथ, कंटाळवाणी, पण अपरिहार्य पायरी असते, हे रहस्यकथा अडीचशे पानांत दाखवून देते. आपले विद्यार्थी ही पुस्तके आपण न सांगताही वाचतात. ती वाचून झाल्यावर 'खुनी कोण होता?' याऐवजी 'तुम्ही कोणावर आणि कशावरून संशय घेतला होता?' असा प्रश्न वर्गात विचारला, तर साहित्याच्याच नव्हे, इतिहासाच्या, विधिशाखेच्या आणि विज्ञानाच्या अध्यापकालाही त्यातून एक चांगला तास मिळेल.